दुरुस्ती आणि प्रवर्धन : एका उथळ समजुतीची चिकित्सा

१. समजूत आणि तिच्यातील चूक

पेशीतील डीएनए अहोरात्र तुटत असतो आणि पेशी तो अहोरात्र सांधत असते, हे ज्ञान आता मोजक्या प्रयोगशाळांच्या भिंतीआड राहिलेले नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या विज्ञान महाविद्यालयांत ते पदवीच्या वर्गात शिकविले जाते, आणि कर्करोगाविषयीच्या सार्वजनिक व्याख्यानांतूनही ते आपल्या कानी येते. परंतु या ज्ञानाच्या जोडीने एक समजूतही रूढ झाली आहे. ती अशी की डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा ही आनुवंशिक मजकुराच्या असल प्रतीची राखणदार आहे. ती शाबूत असेल तोवर मजकूर जसाच्या तसा राहतो, ती क्षीण झाली की मजकुरात बेबंदशाही माजते, आणि त्या बेबंदशाहीचा एक प्रकार म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन नकलांऐवजी वीस, पन्नास, शंभर नकला होणे, ज्याला शास्त्रात जनुकाचे प्रवर्धन म्हणतात. दुरुस्ती खालावली म्हणजे प्रवर्धन वाढणार, हा तिचा निष्कर्ष. साखळी इतकी गुळगुळीत आहे की तिच्या कड्या तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही.

माझे प्रतिपादन असे आहे की या साखळीची मधली कडीच उलटी बसविलेली आहे. प्रवर्धन हे दुरुस्तीच्या अभावातून आपोआप उगवत नाही; पुष्कळ ठिकाणी ते दुरुस्तीच्याच हातून पुरे होते, आणि दुरुस्तीत दोष आला म्हणजे प्रवर्धन फोफावण्याऐवजी खुरटते. याहून महत्त्वाची गोष्ट ही की ‘दुरुस्ती’ या एकाच नावाखाली आपण अनेक स्वतंत्र यंत्रणा कोंबतो, त्यांची परस्परांशी चढाओढ असते, आणि त्यांतील एक नाहीशी झाली तर प्रवर्धन घटते, तर दुसरी नाहीशी झाल्यास ते अधिक दूरवर पोचते. या विधानाचा सर्वांत स्वच्छ पुरावा कोणत्याही रुग्णालयातून आलेला नसून एका चिलटाच्या बीजकोशातून आलेला आहे.

२. चिलटाचे अंडे

पिकलेले केळे ओट्यावर उघडे राहिले की त्याच्याभोवती तांबड्या डोळ्यांची जी बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात, त्यांच्याच कुळातील ड्रॉसोफिला मेलानोगास्टर ही जात आनुवंशशास्त्राची शंभर वर्षांहून अधिक काळची सेविका आहे. (आंबा पोखरणारी बागायतदाराची फळमाशी ती निराळी.) हिचे अंडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांब, पांढुरके, भिंगाखाली धरले असता त्याच्या पुढच्या टोकाशी वरच्या अंगाने दोन चपटी, वल्ह्यासारखी शिंगे दिसतात, ज्यांच्या योगाने ते ओल्या गरात रुतूनही श्वास घेऊ शकते, आणि सर्व अंगावर ज्या पेशींनी कवच विणले त्यांच्या षट्कोनी ठशांची जाळी उमटलेली असते. काही विशिष्ट उत्परिवर्ती माद्यांची अंडी याच भिंगाखाली ठेवावीत. कवच पातळ आणि लिबलिबीत, शिंगे आखूड व दुमडलेली, आणि अंडे थोड्याच वेळात आतून सुकून बसलेले. अशा मादीला संतती होत नाही, किंवा होते ती नाममात्र.

हे कवच विणण्याचे काम अंड्याभोवतीच्या सुमारे एक हजार पेशींकडे असते. त्यांना फॉलिकल पेशी म्हणतात. काम प्रचंड आणि मुदत फक्त काही तासांची. कवचाच्या प्रथिनांची जनुके नेहमीच्याच संख्येत राहिली, तर त्यांवरून कितीही वेगाने निरोप उतरवून घेतले तरी मागणी पुरी होणार नाही. म्हणून निसर्गाने येथे एक असाधारण तजवीज केली आहे. या पेशी विभाजन थांबवून, न विभागता, आपला सगळा डीएनए एकेरी गुणसूत्रसंचाच्या सोळा पटींपर्यंत आधीच वाढवून बसलेल्या असतात. नंतर एका ठराविक अवस्थेत, जिला अंडपुटकाची दहा-ब अवस्था असे नाव आहे, सर्वसाधारण प्रतिकृतिकरण बंद होते आणि गुणसूत्रांवरील केवळ सहा ठिकाणी ते पुनःपुन्हा चालू राहते. या सहांपैकी दोन ठिकाणी कवचाची जनुके आहेत: एक एक्स गुणसूत्रावर, दुसरे तिसऱ्या गुणसूत्रावर. तिसऱ्या गुणसूत्रावरील जागा भोवतालच्या डीएनएच्या तुलनेत ६० ते ८० पट वाढते. ॲलन स्प्रॅडलिंग आणि अँथनी माहोवाल्ड यांनी हे १९८० साली दाखविले, आणि तेव्हापासून प्रवर्धन म्हणजे केवळ विकृती ही कल्पना शास्त्रज्ञांपुरती तरी निकालात निघाली. येथे ते शरीराच्या नित्य कारभाराचा भाग आहे, त्याची वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, आणि ते न घडणे हीच विकृती आहे.

३. वाढीच्या पोटात मोडतोड

प्रत्येक प्रतिकृतिकरण एका उगमस्थानापासून सुरू होते. तेथे डीएनएचे दोन धागे विलग होतात आणि दोन्ही दिशांना एकेक बेचके सरकत जाते, ज्याच्या मागे नवे धागे विणले जातात. सामान्य पेशीत एका चक्रात एका उगमाला एकदाच परवाना मिळतो. फॉलिकल पेशीत त्या सहा जागी हा निर्बंध हेतुपुरस्सर मोडलेला असतो, त्यामुळे पहिले बेचके अजून चालतच असता त्याच्या मागून त्याच वाटेवर दुसरे, त्यामागून तिसरे निघते. कल्याणहून ठाण्याकडे येणाऱ्या एकाच धीम्या मार्गावर मधले सगळे सिग्नल काढून टाकून लोकलमागून लोकल सोडीत गेले, तर पुढची ठाकुर्लीला अडली की मागची तिच्या शेपटीवर आदळणार, हे सांगण्यास रेल्वेचा अनुभव पुरेसा आहे. डीएनएवर मात्र अशी धडक बसली म्हणजे गाडीबरोबर रूळही तुटतो, कारण येथे गाडी आणि रूळ एकाच धाग्याचे केलेले आहेत.

अशी धडक बसत असावी, हा फार दिवसांचा तर्क होता. ती नेमकी बेचक्यांच्या ठिकाणी बसते याचा पुरावा मिळणे कठीण होते, कारण इतर पेशींत असे पुनःप्रतिकृतिकरण घडवून आणले तरी ते कोठून कधी सुरू झाले हे कळण्यास मार्ग नसे. चिलटाच्या बीजकोशाची थोरवी येथेच आहे. उगम ठाऊक, वेळ ठाऊक, म्हणून अमुक अवस्थेत बेचके उगमापासून किती दूर पोचले असेल हेही ठाऊक. अमेरिकेतील केंब्रिज येथील व्हाइटहेड संस्थेत टेरी ऑर-वीव्हर यांच्या प्रयोगशाळेत जेसिका अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखविले की डीएनएचे दोन्ही धागे तुटले असता जी रासायनिक खूण भोवतालच्या प्रथिनांवर उमटते, ती पुढे सरकणाऱ्या बेचक्यांच्याच जागी दाटलेली आढळते. म्हणजे निरोगी मादीच्या, निरोगी अंड्याभोवतीच्या, निरोगी पेशीत प्रवर्धन चालू असताना डीएनए सतत तुटत असतो. मोडतोड हा प्रवर्धनाचा अपघात नसून त्याची रोजची आनुषंगिक किंमत आहे.

एतावता प्रश्नाचे स्वरूपच बदलते. ज्या क्रियेच्या पोटातच तुटणे आहे, ती क्रिया दुरुस्तीवाचून किती दूर जाऊ शकेल?

४. दोन आकडे

उत्तराकडे वळण्यापूर्वी मोजणीविषयी एक भेद पक्का करणे अवश्य आहे, कारण माझ्या मते प्रचलित समजुतीचा बराचसा गोंधळ या एका भेदाच्या अभावी झालेला आहे. प्रवर्धनाला दोन आकडे असतात. पहिला, उगमापाशी नकला किती पट झाल्या. दुसरा, ती वाढ उगमापासून दोन्ही अंगांना किती दूर पसरली. बेचकी ज्या अंतरापर्यंत पोचतात, तेथपर्यंत नकलांची संख्या हळूहळू उतरत जाते; चिलटात हा उतार दोन्ही बाजूंना मिळून सुमारे १ लाख अक्षरांचा आहे. उगम किती वेळा उघडला हे शिखराची उंची सांगते, आणि बेचकी किती टिकली हे पायथ्याचा विस्तार सांगतो. या दोन गोष्टी वेगळ्या कारणांनी बिघडतात.

दुरुस्ती आणि कवच यांचा काही संबंध असावा, याची कुणकुण ऐंशीच्या दशकातच लागली होती. जी चिलटे उत्परिवर्तनकारक रसायनांपुढे इतरांच्या मानाने लवकर बळी पडतात, त्यांच्या बिघडलेल्या जनुकांना ‘म्यूस’ या नावाने क्रमांक देऊन ठेवलेले आहेत. त्यांतील म्यूस-१०१ या जनुकाच्या काही बिघाडांत कवच पातळ होते आणि प्रवर्धनही घटते. परंतु हा पुरावा संदिग्ध होता, कारण हे जनुक प्रतिकृतिकरणाच्या आरंभासाठीही लागते. शिखर बुटके झाले त्याचा दोष दुरुस्तीवर ठेवावा की आरंभावर, याचा निवाडा त्यावरून होत नाही. निवाड्यासाठी असा बिघाड हवा होता की ज्यात शिखर पुरे आहे आणि विस्तार मात्र आखडला आहे.

५. दुरुस्त्या एक नव्हेत

दोन्ही धागे तुटले असता पेशी प्रामुख्याने तीन मार्गांनी काम भागविते. पहिला मार्ग, तुटलेली टोके जशी असतील तशी एकमेकांना चिकटविणे. यात घाई आहे, आणि सांध्यापाशी चार अक्षरे गळाली तरी तक्रार नाही. दुसरा, दोन टोकांमधील काही थोड्या अक्षरांचे साम्य शोधून त्या आधारे जोड घालणे; यात हमखास काही मजकूर गळतो, आणि या कामी पॉलिमरेज थीटा नावाचे विकर लागते, जे चिलटात म्यूस-३०८ या जनुकापासून तयार होते. तिसरा, शेजारच्या अखंड नकलेवरून तुटलेला मजकूर पुन्हा लिहून काढणे. हा सर्वांत बिनचूक, आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकांचा लाडका.

आता प्रयोग पाहा. पहिला मार्ग बंद केला, म्हणजे टोके चिकटविणारे साधन चिलटातून काढून टाकले, तर बेचकी नेहमीइतकी दूर जात नाहीत. तुटल्याचा इशारा देणारी यंत्रणा निकामी केली, तरी तेच. २०१५ चा हा निष्कर्ष. पुढच्या वर्षी त्याच प्रयोगशाळेने म्यूस-३०८ पूर्णपणे नाहीसे केलेल्या माद्या तपासल्या, आणि येथे तो हवा असलेला बिघाड हाती आला: उगम नेहमीप्रमाणे उघडतात, शिखर पुरे उभे राहते, परंतु दोन ठिकाणी बेचक्यांची मजल आखडते, कवचाच्या जनुकांचे कार्य मंदावते, आणि अधूनमधून पातळ कवचाची अंडी येतात. आरंभाला कोणतीही बाधा न येता केवळ दुरुस्तीच्या दोषाने प्रवर्धन अपुरे राहिले. शिवाय पहिला मार्ग बंद असता दुसरा त्याची जागा भरून काढतो, पण सर्वत्र नव्हे; काही जागी काढतो, काही जागी काढीत नाही.

आणि तिसरा, तो बिनचूक मार्ग? २०१५ च्या प्रयोगात त्याच्या अभावी बेचक्यांची मजल घटलेली आढळली नव्हती, आणि एखाद्याने तेथेच थांबून ‘या मार्गाचा येथे संबंध नाही’ असा शेरा मारला असता तर तो क्षम्य ठरला असता. परंतु या मार्गाची, राड-५१ या कुळातील दोन प्रथिने (चिलटातील त्यांची नावे स्पिंडल-ए आणि स्पिंडल-बी) एकाच वेळी काढून घेतली, तेव्हा बेचकी नेहमीपेक्षा अधिक दूर गेली. म्हणजे तो मार्ग तेथे हजर होता, काम करीत होता, आणि त्याचे काम वाढीच्या आड येत होते. ज्या दुरुस्तीला आपण सर्वांत निष्ठावान समजतो, ती या पेशीच्या कार्यात अडथळा. आणि ज्या दोन दुरुस्त्यांना आपण गबाळ्या म्हणून नावे ठेवतो, त्यांच्या जिवावर अंड्याचे कवच उभे राहते. ‘दुरुस्तीतील दोषामुळे प्रवर्धन वाढते की घटते?’ हा प्रश्नच या प्रयोगानंतर चुकीचा ठरतो, कारण त्यातील कर्ता एकवचनी आहे.

याचे कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. या फॉलिकल पेशी पुन्हा कधीही विभागणार नसतात. कवच पुरे झाले की त्यांचे आयुष्य संपते, आणि त्यांचा डीएनए कोणाच्याही वारशाला जात नाही. अशा पेशीला बिनचूकपणाचा उपयोग तो काय? तिला मुदतीत काम हवे आहे. जेथे वारसा नाही तेथे वेग अधिक मोलाचा, आणि टोकाला टोक लावून पुढे चालणारी दुरुस्तीच तेथे योग्य दुरुस्ती होय.

६. आक्षेप

पहिला आक्षेप वजनदार आहे. १९९२ साली दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दाखविले की पी-५३ हे प्रथिन शाबूत असलेल्या पेशींत औषधाला पुरून उरणारे जनुक-प्रवर्धन जवळजवळ आढळत नाही, आणि ते प्रथिन नाहीसे होताच ते सर्रास आढळू लागते. राखणदार गेला आणि बेबंदशाही आली, असेच हे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पी-५३ हे तुटलेली टोके सांधणारे हत्यार नव्हे; मोडतोड झालेल्या पेशीला थांबण्याचा किंवा मरण्याचा हुकूम देणारा तो अधिकारी आहे. त्या प्रयोगात आपण मोजतो ते प्रवर्धन किती वेळा घडू लागले हे नव्हे, तर प्रवर्धन घडल्यावर किती पेशी जगू दिल्या गेल्या हे. हुकूम देणारा गेला, पण सांधणारे हात जागेवर होते. किंबहुना ते होते म्हणूनच वाचलेल्या पेशींना प्रवर्धित जनुक टिकविता आले. चिलटाच्या या बहुगुणित पेशींत मृत्यूचा हुकूम मुळातच दाबलेला असतो, म्हणून तेथे दुरुस्तीचा परिणाम जगण्या-मरण्याच्या हिशेबात न मिसळता उघडा दिसतो.

दुसरा आक्षेप : म्यूस-३०८ च्या माद्यांत पातळ कवचाची अंडी अधूनमधूनच येतात, एवढ्या तुरळक परिणामावर केवढा इमला! परंतु एकमेकांची जागा घेऊ शकणारे अनेक मार्ग असतील तर त्यांतील एक बंद झाल्यावर परिणाम तुरळक आणि जागेगणिक वेगळा दिसणे हेच अपेक्षित आहे. तो सर्वत्र सारखा दिसला असता तरच माझे प्रतिपादन अडचणीत आले असते.

तिसरा आक्षेप असा की हा सारा नियोजित, शरीराच्या आज्ञेने चालणारा प्रकार. स्वैर प्रवर्धनाशी त्याचा काय संबंध? याचे उत्तर मात्र विस्ताराने दिले पाहिजे.

७. परळची गिरणी कामगार स्त्री आणि औषधाला न जुमानणारी पेशी

स्वैर प्रवर्धन आपल्या दाराशी कमी नाही. ठाण्या-डोंबिवलीच्या नाल्यांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासाच्या कुळात कीटकनाशक पचविणाऱ्या एका विकराच्या जनुकाच्या अनेक नकला होऊन डास त्या विषाला दाद देईनासा होतो, हे कॅलिफोर्नियातील डासांवर १९८६ साली सिद्ध झाले. सस्तन प्राण्यांच्या पेशींतील अभिजात उदाहरणाचा धागा तर मुंबईतूनच जातो. १९२८ पासून काही वर्षे ल्यूसी विल्स या इंग्रज वैद्यक-संशोधिका मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेच्या आश्रयाने, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखविले, आणि त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. त्या आम्लाचे सोंग घेऊन त्याच्या कामात खोडा घालणारी औषधे चाळीसच्या दशकात, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालील रसायनशाळेत तयार झाली. मेथोट्रेक्सेट हे त्यांतीलच. आणि १९७८ साली रॉबर्ट शिमके यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेने दाखविले की मेथोट्रेक्सेटला न जुमानणाऱ्या पेशींनी त्या औषधाचे लक्ष्य असलेले जनुकच अनेक पटींनी वाढविलेले असते.

हे प्रवर्धन नियोजित नाही, शरीराला ते नको आहे, आणि तरीही प्रश्न तोच: ते दुरुस्तीच्या अभावाने घडते की दुरुस्तीच्या हाताने? २०२१ साली ओफेर शोशानी, डॉन क्लीव्हलँड आणि सहकाऱ्यांनी याच औषधाच्या दबावाखालील मानवी पेशी तपासल्या. तेथे गुणसूत्राचे एकाएकी शेकडो तुकडे होतात, आणि त्यांतील काही तुकडे सांधले जाऊन वर्तुळाकार, गुणसूत्राबाहेरचे डीएनए तयार होते, ज्यावर ते औषधविरोधी जनुक बसलेले असते. हे वर्तुळ सांधण्यासाठी टोके जोडणाऱ्या मार्गातील एक मुख्य विकर, आणि त्याखेरीज पार्प या कुळातील विकरे, लागतात. म्हणजे पेशीला औषधापासून वाचविणारे वर्तुळ हे दुरुस्तीनेच घडविलेले असते. वारशाला न जाणाऱ्या फॉलिकल पेशीत दुरुस्तीने बेचके पुढे नेले; वारशाला जाणाऱ्या कर्कपेशीत दुरुस्तीने तुकडे सांधले. यंत्रणा निरनिराळ्या आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु दोन्हीकडे टोके जोडणाऱ्या दुरुस्तीतील ज्या दोषामुळे प्रवर्धन वाढावे असे समजूत सांगते, त्याच दोषामुळे ते अडते.

८. औषधाच्या प्रश्नाकडे

हा वाद केवळ बौद्धिक विलास नाही. २०१५ साली दोन गटांनी दाखविले की बिनचूक दुरुस्तीचा मार्ग ज्यांच्यात मोडला आहे, म्हणजे ज्यांच्यात बीआरसीए जनुकांचा बिघाड आहे, अशा गाठी पॉलिमरेज थीटावर विसंबून जगतात. म्हणजेच चिलटातील म्यूस-३०८ च्या मानवी भावंडावर. त्याला आवर घालणाऱ्या औषधांच्या चाचण्या रुग्णांवर सुरू झाल्या आहेत. एखाद्या गाठीत बिनचूक मार्ग आधीच नाहीसा झाला असेल, आणि तीत एखादे जनुक प्रवर्धितही असेल, तर थीटा बंद केल्यावर त्या प्रवर्धनाचे काय होईल? ‘दुरुस्ती आणखी बिघडली, म्हणजे नकला आणखी वाढणार’ हे उत्तर चिलटाच्या अनुभवाच्या विरुद्ध जाते. ‘नकला घटणार’ हे उत्तरही सरसकट देता येत नाही, कारण कोणता मार्ग कोणाची जागा भरून काढतो हे जागेवर अवलंबून असते.

कल्याण-डोंबिवलीहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी जाणाऱ्या स्त्रियांपैकी काहींच्या हाती हर-२ जनुकाचा अहवाल पडतो. त्यात त्या जनुकाच्या नकलांचे सतराव्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूंशी गुणोत्तर काढलेले असते, आणि ते २.० किंवा त्याहून अधिक भरले की बहुधा प्रवर्धन झाले असा शेरा पडतो. औषध ठरविण्यास तो आकडा पुरेसा आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र तो दोन आकड्यांपैकी पहिलाच आहे. वाढ जनुकाच्या दोन्ही अंगांना किती दूर गेली आणि कोठे तुटून कोणत्या पद्धतीने सांधली गेली, ही नोंद त्यात नसते, आणि दुरुस्तीवर नेम धरणारी औषधे रुग्णांपर्यंत पोचली की त्याच नोंदीवरून निर्णय घ्यावे लागतील.